बावखलातला दोर

मी, मालन पांडुरंग राऊत, वय बासष्ट, अविवाहित, धंदा बागायत, राहणार मौजे होळी, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. कोणाचा दाब नाही. पुतण्या दिवाकरचा होता, तो मी जुमानला नाही.

१. घर व केळीची वाडी दिवाकरला. वाडीतले बावखल, म्हणजे ज्या तळ्याच्या पाण्यावर आमचे शिंपण चालते ते, त्याने बुजवू नये. बिल्डरला शब्द देऊन बसला आहे, तो मोडावा. कारण पुढे येईल.

२. पोहण्यात मिळालेले चषक गावच्या शाळेला. खाडीच्या शर्यतीत पहिली आले तेव्हा पुरुषांना चषक आणि मला पोळपाट-लाटणे दिले होते. ते आजवर वापरलेले नाही. तेही दिवाकरला; दोन पोळ्या लाटून बघ म्हणावे.

मुंबईच्या समुद्रातल्या शर्यतीत मी दमून थांबले असे पेपरात छापून आले, ते साफ खोटे. मी सर्वांच्या पुढे होते. कमरेला हिसका बसून मागे ओढली गेले, आणि लगेच एक लाँच माझ्या तोंडासमोरून गेली.

३. आमच्यात पोराला पोहायला शिकवताना कमरेला दोर बांधतात. पोर पोहत पार जाईपर्यंत वेढा कमरेलाच असतो. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा, ही रीत. माझा दोर माझी आई नर्मदा हिने बांधला. काठावरून म्हणायची, "दोर माजे हाती हाय. तू पाय मार." मी पार जाण्याआधीच ती तापाने गेली. तिला उचलण्याआधी तिचा हात गाठीला लावून ती सोडवायची होती. रडारडीत प्रेमलाकाकूने कोयत्याने कापली.

तेव्हापासून पाण्यात शिरले की दोर ताठ होई. मला भीती कधी वाटली नाही. आईच ती. त्या हाताच्या भरवशावरच मी जिंकत गेले.

गेल्या पौर्णिमेला बावखलात उतरले, तर कमरेला काहीच नाही. माझे दिवस भरले, ते मला समजले. त्याच सकाळी न्हाणीत दिवाकरच्या लेकीच्या, जयवंतीच्या कमरेवर दोराचा वळ दिसला; दिवाकरलाही बोलावून दाखवला. पोरीला अजून कोणी पाण्यात उतरवलेले नाही.

दिवाकर, हे तुला सांगते. वरून माती पडली तरी आई दोर सोडायची नाही. मरणानेही तिने सोडला नाही. ती मातीखाली जाईल, आणि दुसरे टोक कोणाच्या कमरेला आहे ते तू पाहिले आहेस.

४. जयवंतीला त्याच पाण्यात पोहायला शिकवावे. माझी गाठ कापलेली, म्हणून जन्मभर रीतीने सुटली नाही. हिची अजून धड आहे. पोर पार गेली की आई सोडेल, अशी माझी आशा आहे. तोवर घरात कोयता उघडा ठेवू नये.

वरील मजकूर वाचून, समजून सही करते.

होळी, वसई. ११ मार्च १९८७.
मालन पांडुरंग राऊत

साक्षीदार:
जगन्नाथ मधू म्हात्रे, शेजारी. सही.
रेजिना डिसोजा, शिक्षिका. सही. मजकूर वाचून मला हसू आले, म्हणून मालनबाईंनी जयवंतीला बोलावून वळ दाखवला. पोर सकाळपासून कोरड्या फ्रॉकमध्ये अंगणात खेळत होती. वळाला हात लावला, तो ओला लागला.