बादलीतल्या फांद्या

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

वर 'चि. सौ.' घाल असं मी सांगितलंय. तुझ्या आईनं घातलंय ना? मला अक्षर ओळखता येत नाही, म्हणून आपली विचारते. माझी पत्रं लिहिणारी तीच, तुझी वाचून दाखवणारीही तीच. स्वतःची म्हणून मात्र एक ओळ लिहीत नाही. नवऱ्याचा धाक! हेही लिही म्हटलं, तर नाक मुरडतेय.

खुब्याचं हाड मोडल्यापासून माझी खाट खिडकीशी आहे. समोर नासपती नुसती फुललीय. सकाळच्या गारठ्यात आधी काळा भुंगा येतो, कोट घातलेल्या मुकादमासारखा. ऊन चढलं की मधमाश्या. दुपारी साध्या माशा. या फुलांचा वास जरा कुबट, त्यांना तोच गोड. दिवेलागणीला पतंग. दिवसभर राबता, पण फळ एक धरत नाही. धरणार कसं? नासपतीला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. तो कोपऱ्यातल्या रानटी नासपतीकडून यायचा. तिची फळं दगडासारखी, म्हणून तुझ्या बापानं ती तोडून गाडीला शेड बांधली. आता म्हणतो, यंदाही झाड वांझ राहिलं तर यालाही करवत.

तुझ्या नवऱ्याच्या सायकलच्या दुकानामागे रानटी नासपती आहे ना? तिच्या फुललेल्या फांद्या घेऊन ये. झाडाखाली पाण्याच्या बादलीत ठेवल्या की पुढचं माशा बघतील. तुझ्या बापाला विचारलं. फांद्या येऊ देत म्हणाला. फांद्यांबरोबर आणणारीही आत येईल, असं मी धरून चाललेय. लग्न केलंस तेव्हापासून तुझं तोंड पाहिलेलं नाही. म्हातारीचा डाव ओळखलास ना?

लोभ आहेच, तो घेऊन लवकर ये.

तुझी आजी
(हस्ते तुझी आई)

ता. १९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

'सौ.' नव्हतं, आजी. आई हे वाचेल तेव्हा तिच्याकडे बघू नकोस.

तुझ्या खिडकीतून फाटक दिसत नाही, झाड आड येतं, म्हणून झालं ते लिहिते. फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून बसमध्ये उभ्यानं आले. कंडक्टर म्हणाला, बाई, झाडाचंही तिकीट काढा. हसत हसत फाटकाशी पोचले. बाबा आले. कडी काढली नाही. वरून हात घालून एकेक फांदी घेतली, इतकी जपून की एक कळी गळली नाही. मग आत वळून म्हणाले, पाणी आणा. क्षणभर वाटलं, माझ्यासाठीच. आई धावत आली, तिच्या हातात बादली होती.

फांद्यांना पाणी मिळालं. मला बाबा म्हणाले, परतीची बस चुकेल. आई बादलीकडे बघत राहिली. कडी काढा म्हणून तू आतून ओरडत होतीस, ते ऐकू आलं. तुझा मुकादम माझ्या देखत फाटकावरून आत गेला.

लोभ तुझा आहे, तेवढा पुरे.

तुझी भिंगरी

ता. २६ ऑगस्ट

चि. सौ. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

वर काय लिहिलंय ते बघ. आज पेन अडखळलं नाही.

झाड लगडलंय. तुझा बाप टोपल्या भरभरून वाटतो आणि येईल त्याला सांगतो, खत बदललं म्हणून फळ धरलं. मधासारखी गोड आहेत म्हणे. मी चाखलं नाही. दात नाहीत, असं सांगितलं. दात नाहीत हे खरं, पण पिकल्या नासपतीला दात लागतात कुठे?

खुबा धड असता तर कडी मीच काढली असती. किड्यामाश्यांना या घरात दिवसभर मुभा, पोटच्या पोरीला मात्र फाटकावरून रजा.

आता नीट ऐक. पुढच्या फुलोऱ्याला फांद्या आणू नकोस. बापानं स्वतः मागितल्या तरी देऊ नकोस. तुझी आई पेन थांबवून म्हणते, मग झाड तोडतील. म्हटलं, लिही. तोडू देत. खिडकीतून फाटक तरी दिसेल.

लोभ ठेव, फांद्या झाडावरच ठेव.

तुझी आजी
(हस्ते तुझी आई)