प्रॅक्टिकल की प्रॅक्टिस

मंगळवार, चुडावा. दिवेलागण.

उद्या प्रवेशाचा शेवटचा दिवस आणि आत्ताआत्तापर्यंत मी दोन्ही फॉर्म समोर ठेवून बसले होते. परभणीच्या कॉलेजची मुलींची व्हॉलीबॉल टीम दरवर्षी फायनलला असते. पहिल्याच वर्षी मला सेटर म्हणून घेतो, असं तिथले कोच सर म्हणाले. नांदेडच्या कॉलेजात केमिस्ट्री चांगली शिकवतात, पण टीममध्ये जेमतेम सात मुली.

दुपारी सरांना फोन करून विचारलंच. सराव आणि प्रॅक्टिकल एकाच वेळी आलं तर? ते हसले. "प्रॅक्टिकलचं टेन्शन घेऊ नको. मार्क देऊन टाकतेत." देऊन टाकतेत! ऐकून बरं वाटायला हवं होतं ना? मग का नाही वाटलं?

नांदेडची टीम बघणाऱ्या मॅडमना तोच प्रश्न विचारला. "सराव पहाटे असतो. प्रॅक्टिकल बुडवलंस तर मॅचला नेणार नाही." रागच आला त्यांचा. तरी फोन ठेवल्यावर डोक्यात घोळत राहिलं ते सरांचंच. देऊन टाकतेत.

आबा रेल्वेच्या ड्यूटीवरून आले. "काय ठरवलीस गं?"

"नांदेडला गेले तर लय मॅच हरू आमी."

"आन् परभणीला?"

"जिंकू. पण केमिस्ट्री येणार न्हाई."

आबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मीच नांदेडचा फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांची सही झाल्यावर सरांना 'मी येत नाही' असा मेसेज पाठवला. मग न्हाणीत जाऊन रडले. ती टीम मला खरंच हवी होती.