काकांच्या मशीनचं वय

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठही अंगं जमिनीला लागत नाहीत, तूर्त पाच-सहा धर.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला, की त्यांनी त्याच्याशी जुळवून घेतलं? इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे मी ठीक आहे आणि तुझी भावजय माझ्याशी बोलत नाही. जेवणाचं टेबल गेलं. ते कसं गेलं हे सांगायचं तर काकांपासून सुरुवात करावी लागेल, आणि काकांचं नाव आलं की तू पत्र फाडतेस हे मला ठाऊक आहे. निदान टेबलापर्यंत तरी वाच, मग फाड.

काकांना इस्पितळातून घरी आणलं. घरी आणलं म्हणजे बरे झाले असं नव्हे. डॉक्टरांनी त्यांच्या लेकीला बाजूला घेऊन सांगितलं की आता त्यांना जे हवं ते द्या. त्यांना हवं होतं माळ्यावरचं टाइपरायटिंगचं मशीन. तेच, जे बाबांशी कायमचं बिनसलं त्या दिवशी ‘हे माझ्या वडिलांचं आहे’ म्हणत त्यांनी आपल्या घरातून उचलून नेलं होतं. (बाबांनी अडवलं नाही. तिसरी पायरी निसटती आहे, जपून, एवढंच म्हणाले.) बाबांनी शाळेतून काढून टायपिंगच्या क्लासला घातल्याचा राग काकांनी मिशा पिकेपर्यंत मुरवला आणि मग एका दुपारी सगळा बाहेर काढला. बाबा गेले तेव्हाही ते आले नाहीत, आणि तू त्यांचं नाव टाकलंस.

तर काकांनी मला बोलावून सांगितलं की मशीन साफ कर आणि ते कोणत्या सालातलं आहे ते शोधून काढ. आजोबा वारले तेव्हा काका चार वर्षांचे. त्यांची एकच आठवण काकांजवळ होती: आपण कुणाच्या तरी मांडीवर बसलो आहोत, एक मोठा हात आपलं बोट धरून कळ दाबतो आहे, आणि ओळ संपली की घंटी वाजते आहे. चेहरा आठवत नाही. जाण्याआधी ते मशीन तरी नक्की ओळखीचं व्हावं, अशी त्यांची इच्छा.

मशीन घरी आणून टेबलावर ठेवलं. आत उंदरांनी संसार थाटून मोडलेला. धूळ मऊ ब्रशने झाडायची असते. मी फुंकर मारली, आणि इतक्या वर्षांची धूळ डोळ्यांत घेऊन तुझ्या भावजयीच्या आमटीत हात घातला. मग अक्षरं रॉकेलने घासली (रॉकेल टेबलाच्या पॉलिशमध्ये उतरलं), रबराचा रूळ गरम पाण्याने धुतला (तो आता दगड झाला आहे), आणि अक्षरांचे सगळे दांडे शिलाई मशीनच्या तेलात न्हाऊ घातले. तेल घालायचंच नसतं म्हणे. ते जुन्या धुळीशी मिळून डिंक होतं. झालं. एक कळ दाबली की शेजारच्या चार जणी सोबत निघायच्या, एकत्र कुटुंबासारख्या, आणि मध्येच अडून बसायच्या. शेवटी पुढची पट्टी चमकवायला स्पिरिट लावलं तर कंपनीचं सोनेरी नावच निघून आलं. आता ते नाव फक्त माझ्या फडक्यावर आहे.

वय काढायला आमच्या गल्लीतल्या टाइपरायटर दुरुस्तीवाल्यांकडे गेलो. (हल्ली छत्र्या दुरुस्त करतात.) त्यांनी मशीनवर टिचकी मारली, वास घेतला आणि शंभरी उलटली म्हणाले. फडकं विसरलं म्हणून परत गेलो, तर त्याच मशीनला चाळिशीत आणून ठेवलं. अखेर कॉम्प्युटरवर वाचलं की कॅरेज (कागद धरून सरकतो तो वरचा भाग) एका अंगाला सरकवली की खाली लोखंडावर नंबर ठोकलेला असतो, आणि कोणत्या साली कुठपर्यंतचे नंबर निघाले याचे तक्ते मिळतात. कॅरेज सरकवली, मळ खरवडला, नंबर जुळवला. ताई, मशीन आजोबा वारले त्याच्या पुढच्या सालातलं निघालं. म्हणजे बाबांना टायपिस्टची पहिली नोकरी लागली तेव्हाचं.

मी ठरवलं होतं की सांगायचं नाही. पण तुला माहीत आहे, माझं खोटं माझ्या कानांवर दिसतं. मशीन परत त्यांच्या खाटेपाशी नेऊन ठेवलं, काकांनी कानांकडे पाहिलं आणि मी सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, “मग ती मांडी कुणाची?”

त्यांना माझं उत्तर नको होतं. त्यांनी मशीनवर हात ठेवला, एक कळ दाबली, दांडा अर्धा वर आला आणि माझ्या तेलात अडकून हवेतच थांबला. आम्ही दोघं त्याच्याकडेच बघत राहिलो. दादा शेवटी माझ्याविषयी काही बोलला का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तेव्हा त्यांची वाचा गेली होती. ते खरंच होतं. काकांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. पांघरूण नीट करायचं की नाही हे मला ठरवता येईना, म्हणून मी मशीनच पुसत बसलो.

असो. टेबलाचं काय करावं ते कळव. भावोजींना नमस्कार.

तुझा,
स्वतःच्या घरात उभ्याने जेवणारा धाकटा भाऊ

ता. क. टेबलाचं राहू दे. काल काकांनी मला विचारलं, “दादाची मुलगी येईल का?” ते गेले की तू येशील, लोकलाजेस्तव का होईना, हे मला माहीत आहे. तेव्हा नको. आत्ता ये.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं, कारण मधल्या दिवसांत माझा नवा चष्मा आला. काकांकडे गेलो होतो, तेव्हा सहज म्हणून कॅरेज सरकवून नंबर पुन्हा पाहिला. ज्याला मी आठ समजलो होतो तो तीन आहे. म्हणजे मशीन काकांच्या जन्माआधीचं. आजोबांचंही असू शकेल. मांडीही त्यांचीच असेल, किंवा नसेल. आता कोण सांगणार?

काका आतल्या खोलीत तू कधी येणार ते विचारत होते. मी त्यांना यातलं काही सांगितलं नाही, पॉलिश पेपर घेतला आणि ती जागा पुन्हा एकदा चांगली साफ केली. आता तिथे तीनही नाही आणि आठही नाही. तू ये. आणि काकांसमोर माझ्या कानांकडे बघू नकोस.