भट्टीच्या अंगणाची राखण

मी, श्रीमती जया कमळाकर भेरे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार शेणव्याजवळ, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, लिहून ठेवते की माझं डोकं ताळ्यावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे दीर देवजी यांना तो पटला नाही तर त्यांनी तो पुन्हा वाचावा. मला कुणी धमकावलं नाही, कुणी गोड बोलून फसवलंही नाही. गोड बोलायला घरात दुसरं माणूसच नाही.

राहतं घर व पुढचं अंगण माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे यजमान कै. कमळाकर भातशेती करायचे आणि एरवी मासे धरायच्या पागाला, म्हणजे फेकायच्या जाळ्याला, लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या ओतायचे. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं अंगणातल्या भट्टीवर वितळवायचं, साच्यात ओतायचं आणि मळ कुंपणाकडे फेकायचा. पार म्हसा गावाकडचे पागवाले आमच्याकडे यायचे.

याच अंगणात माझी नात समीक्षा रांगली. माती खायची. कुठलं पोर खात नाही? पुढे ती चिडचिडी झाली, पोट धरून रडायची, पांढरीफटक पडली. चार शब्द बोलायला लागलेली पोर ते शब्दही विसरली. आम्ही नजर काढली, जंताचं औषध दिलं. सून दिपिका मात्र गप्प बसली नाही. तिनं ठाण्याला नेऊन रक्त तपासलं, तर रक्तात शिसं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भट्टीचा धूर आणि धूळ मातीत बसते, माती हाताला लागते, हात तोंडात जातो. मोठ्यांपेक्षा लहानांच्या अंगात ते जास्त मुरतं, आणि मेंदूचं झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही. समीक्षा आज शाळेत जाते, पण वाचताना अजून अडते.

दिपिका सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, भट्टी बंद करा." ते म्हणाले, "इतकी वरसं करतो, आमी काय मेलो? तू मला शिकवू नको." माझा मुलगा मंगेश दुसऱ्याच दिवशी बायकोपोरीला घेऊन बदलापूरला गेला. शहाणी माझी सून! तोंडावर बोलायचं राहून गेलं, म्हणून इथं लिहिते.

यजमान दोन वर्षांपूर्वी वारले आणि मी भट्टी मोडली. मंगेश म्हणतो, "आई, इकडं ये ना." कशी जाऊ? मी पाठ फिरवली की देवजी भट्टी पुन्हा पेटवणार. त्यांचं घर कुंपणापलीकडेच; त्यांचा नातू प्रणय आता रांगतो, कुंपणाखालून माझ्या अंगणात शिरतो. मी त्याला उचलते, हात धुते, परत देते. त्याची आई हेतल हसते, "मोठी आई, तुमी लय घाबरता." घाबरते बाई! दिवसभरात तेवढंच एक पोर माझ्या कडेवर येतं, आणि त्यालाच मला हाकलावं लागतं.

सबब, माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावं.

एक. घर व अंगण समीक्षाला. ती सज्ञान होईपर्यंत मंगेशने सांभाळावं. सगळ्यात आधी माझ्या बँकेतल्या ठेवीच्या पैशांतून अंगणाची वरची माती काढावी, माती तपासणारे सांगतील तिथेच टाकावी (ओढ्यात नाही, आणि देवजींच्या बांधावरही नाही, कितीही मोह झाला तरी), आणि वर सिमेंटचा कोबा घालावा. काम चालू असताना एकही लेकरू जवळ नको. घरात कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावं.

दोन. साचा व कढई देवजींना मिळणार नाही. यजमानांची मयत अजून दारात होती, तेव्हाच भावोजींनी साचा मागितला. हे मी विसरलेले नाही. साचा मंगेशने फोडावा. कढईत उद्या कुणी कालवण करील, म्हणून तिलाही भोक पाडावं.

तीन. माझ्या सोन्याच्या कुड्या हेतलला. मात्र प्रणयचं रक्त तपासल्याचा कागद आणल्याशिवाय देऊ नयेत. रुसली तर रुसू दे. पोर वाचलं तर शिव्या मला गोड लागतील.

चार. माझी शेळी पाड्यावर राहणाऱ्या हिरीबाईला. माझी विचारपूस करणारी ती एकटीच बाई.

शेवटचं. दहावा नदीवर करावा. अंगणात मांडव घालू नये. मांडव म्हटलं की पोरं जमतात. समीक्षाला भाऊ झालाय, रितेश. मी त्याला फोनवरच पाहिलंय, तोही रांगायला लागलाय. त्याला इथं आणू नये. माझ्या मयतीलाही नाही. आणि माझा फोटो या घरात लावू नका. तो बदलापूरला न्या, मुलं झोपतात त्या खोलीत लावा. एकदा तरी मला त्यांच्याकडं राहायचंय.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) जया कमळाकर भेरे

साक्षीदार:
१. गणू बाळू निमसे (सही)
२. ललिता मोतीराम विशे, अंगणवाडी सेविका (सही)

ठिकाण: शहापूर
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५