बहात्तर टक्के कोणाचे?

३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

नमस्कार. घरी सगळं नेहमीसारखं आहे. आईंचा गुडघा कुरकुरतो, पण त्या स्वतः त्याहून जास्त कुरकुरतात, तेव्हा काळजी नको. तुमच्या दादांनी गच्चीवरच्या टाकीचं झाकण पुन्हा बसवलं आणि ते पुन्हा उडालं. जाऊबाईंना सांगा, शाल पोचली. आई ती अंगावर घेत नाहीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला उलगडून दाखवतात.

तुमच्या वंध्यत्व-उपचार केंद्राला दहा वर्षं होताहेत आणि त्या समारंभात मी बोलावं, असं तुम्ही लिहिलंत. सोबत मुद्देही धाडलेत. सुरुवात भावनिक, मध्ये बहात्तर टक्के, शेवटी टाळ्या. टाळ्या कुठे घ्यायच्या हे तुम्ही मला कळवावं, याची मौज वाटली. शिकायला आमच्याकडे होतात तेव्हा तोंडी परीक्षेच्या आधी ओट्याला टेकून मला उत्तरं म्हणून दाखवायचात, आणि वाक्याच्या शेवटी आवाज पडू देऊ नका, असं मी सांगायची. आवाज आता पडत नाही तुमचा. बाकी बरंच पडलं.

मी बोलणार नाही. कारण विचाराल, म्हणून आधीच लिहिते.

तुम्ही माझ्या तोंडी घातलेलं वाक्य असं आहे: ‘शंभरातल्या बहात्तर जोडप्यांच्या घरी पाळणा हलला.’ वाक्याला लय आहे. खरेपणा मात्र औषधालाही नाही. हा आकडा तुमच्या काचेच्या दारावर आहे, पेनावर आहे, पाहुण्यांना चहा देता त्या कपावर आहे. प्रतीक्षागृहाची एक अख्खी भिंत गुबगुबीत बाळांच्या फोटोंनी भरली आहे आणि समोरच्या खुर्च्यांवर बायका पर्स पोटाशी धरून, त्या भिंतीकडे न बघण्याची कसरत करत बसलेल्या असतात. तुमची स्वागतिका प्रत्येकीला गोड आवाजात विचारते, ‘पॉझिटिव्ह राहताय ना?’ म्हणजे उद्या काही बिघडलं, तर ते आमच्या विचारांमुळे.

बहात्तर कशापैकी, असं मी एकदा तुम्हाला विचारलं होतं. ‘वहिनी, ते जरा तांत्रिक आहे,’ म्हणालात. मग मी वाचलं. वाचायची खोड मला आहेच. आणि तुमच्या धंद्यातली माणसं खरे आकडे काही फार खोल पुरत नाहीत. कोण वाचतंय, या भरवशावर सगळं उघड्यावरच टाकलेलं असतं.

समजा, शंभर बायका तुमचं काचेचं दार ढकलून आत आल्या. त्यातल्या पंधरा-वीस जणींना तुम्ही प्रेमाने सांगता की उपचार तुम्हाला मानवणार नाहीत. त्या गेल्या, मोजल्या नाहीत. काहींना इंजेक्शनं देऊनही बीजं धरत नाहीत, त्यांचा उपचार अर्ध्यावर थांबतो. त्याही मोजल्या नाहीत. काहींची बीजं निघतात, पण भ्रूण तयार होत नाही. त्याही नाहीत. काहींचं भ्रूण तयार होतं, पण ते तुम्ही गोठवून ठेवता आणि म्हणता, पुढच्या खेपेला बघू. अशा गाळून गाळून चाळीस जणींच्या गर्भाशयात तुम्ही भ्रूण सोडता आणि मोजणी तिथून सुरू करता. दोन आठवड्यांनी त्यातल्या एकोणतीस जणींची रक्ततपासणी होकारार्थी येते. चाळीसात एकोणतीस. झाले तुमचे बहात्तर. पुढे त्यातल्या सहा-सात जणींचं राहिलेलं टिकत नाही. त्या मात्र मोजल्या आहेत बरं का. मूल गेलं तरी यशात त्यांचा हिशेब आहे, कारण तुमचं यश रक्ताच्या नळीत संपतं.

म्हणजे दार ढकलणाऱ्या शंभरांतल्या बावीस जणी बाळ घेऊन घरी गेल्या. त्यातही पंचविशीतल्या किती आणि चाळिशीतल्या किती, ते तुम्ही सांगत नाही. सगळ्यांची सरासरी काढून प्रत्येकीच्या हातात तीच चिठ्ठी देता. माझे आकडे अंदाजाचे आहेत. चुकत असतील तर खरे कळवा, तुम्ही ते कधी मांडले असतील तर. आणि भाऊजी, बावीस हा लाज वाटण्यासारखा आकडा नाही. निसर्गाने नाही म्हटलेल्या बावीस घरांत मूल आलं, हे मी कुठल्याही सभेत मान ताठ ठेवून सांगितलं असतं. तुम्हालाच त्याची लाज वाटली.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणत असाल, तोफ सुटली. आमच्या घरी असताना तुम्हीच हे नाव ठेवलंत. तर आता त्या शंभरात मी कुठे उभी आहे, ते सांगते.

मागच्या महिन्यात डॉक्टरांच्या परिषदेत तुमचं व्याख्यान झालं. तुम्ही आग्रहाने बोलावलंत, म्हणून तुमचे दादा आणि मी दुसऱ्या रांगेत होतो. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं की इतका दर तुम्ही टिकवता कसा. तुम्ही माइक हातात घेतलात, हसलात आणि म्हणालात, ‘सोपं आहे. परीक्षेला कोणाला बसवायचं, हे शाळेच्या हातात असतं.’

सभागृह हसलं. तुमचे दादाही हसले, सवयीने. मग त्यांचं हसू मध्येच थांबलं आणि त्यांनी माझ्याकडे न बघता माझा हात धरला. लग्नाला सोळा वर्षं झाली, चारचौघांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

कारण परीक्षेला न बसवलेली मुलगी त्यांच्या शेजारी बसली होती. दीड वर्ष झालं, आमची दोन भ्रूणं तुमच्या शीतकपाटात आहेत. तीन वेळा माझी बीजं काढलीत. तिन्ही वेळा म्हणालात, ‘वहिनी, घाई नको. अजून एक चांगलं मिळू द्या, मग सोडू.’ मला वाटायचं, केवढी काळजी घेतो हा माणूस. घरचा आहे म्हणून. एकेचाळिशीची बाई, मध्यम दर्जाची दोन भ्रूणं. ती सोडली असती तर बहुतेक मी नापास झाले असते आणि तुमच्या कपावरचा आकडा एका केसाने हलला असता. न सोडता ठेवली, की मी नापास होत नाही. मी असतच नाही.

मी ज्या शाळेत शिकवायची तिथले मुख्याध्यापक शंभर टक्के निकालासाठी कच्च्या मुलांना आधीच्या वर्गात अडकवून ठेवायचे. त्यांच्याविरुद्ध मी काय काय बोलले, ते तुम्ही ऐकलं आहे. तुम्ही तेव्हा माझ्या बाजूने पेटून उठायचात. निदान त्या गृहस्थांचं पोरांशी नातं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, वहिनी, तुम्हीच तर बायकांच्या सभांत व्यासपीठावरून सांगत आलात की बाईची किंमत तिच्या कुशीवर ठरत नाही. हो, सांगत आले. पुढेही सांगेन, त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण म्हणून मी या भानगडीत का पडले, हे तुम्हाला समजावून सांगण्याची गरज मला वाटत नाही. तो मुद्दा इथे नाही.

मुद्दा असा. भ्रूणं टाकाऊ असतील तर तसं लिहून द्या. पण टाकाऊ असती, तर तुमच्या प्रयोगशाळेने ती गोठवलीच नसती. तेव्हा एक तर ती माझ्या पोटात सोडा, नाहीतर मी सांगेन त्या डॉक्टरांकडे पाठवा. मला नापास व्हायचं असेल तर होऊ द्या. तो माझा हक्क आहे, तुमची मेहेरबानी नव्हे.

आईंना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना सांगायचं की नाही, ते मी ठरवेन.

उत्तर टपालाने पाठवा. फोनवर तुम्ही फार छान बोलता.

वहिनी

१७ एप्रिल

प्रिय भाऊजी,

तुमचा समारंभ चांगला झाल्याचं कळलं. कोणा नटीने बहात्तरचं वाक्य म्हटलं म्हणे. तिला शोभलंही असेल.

तुम्ही उत्तर लिहिलं नाहीत, स्वतः आलात, ते बरं केलंत की वाईट, हे माझं अजून ठरलेलं नाही. आई शेजारच्या खोलीत होत्या म्हणून तुम्ही हळू बोलत होतात आणि मीही. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढ्या हळू भांडले. तुम्ही म्हणालात, ‘वहिनी, मी तुम्हाला वाचवत होतो. ते नाही राहिलं असतं, तर तुमचं काय झालं असतं?’

मी विचारलं, ‘मला वाचवत होतात की दराला?’

तुम्ही चहाच्या कपाकडे बघत राहिलात. आमच्याकडचे कप कोरे असतात. मग तुम्ही खिशातून पेन काढलंत आणि भ्रूणं दुसरीकडे पाठवण्याच्या संमतीवर सही केलीत. त्या सहीबद्दल मी तुमचे आभार मानत नाही. ती दीड वर्षं आधी व्हायला हवी होती.

भ्रूणं ज्यांच्याकडे पाठवली त्या नव्या डॉक्टरीणबाईंबद्दल तुम्ही दादांजवळ हसलात, असं कळलं. हसा. दवाखाना खरंच शिंप्याच्या दुकानावर आहे आणि शिलाई मशीनचा आवाज तपासणीच्या खोलीत येतो. भिंतीवर एकही बाळ नाही, एक कॅलेंडर आहे, तेही मागच्या वर्षाचं. बाईंना ऐकू कमी येतं, त्यामुळे गुप्त गोष्टीही ओरडून सांगाव्या लागतात. पण पहिल्याच भेटीत, मी विचारायच्या आत, त्या म्हणाल्या की तुमच्या वयाच्या शंभर जणी माझ्याकडे उपचार सुरू करतात, त्यातल्या नऊ-दहा मूल घेऊन घरी जातात. सुरू करतात, म्हणाल्या. घरी जातात, म्हणाल्या. दोन्ही टोकं पकडून सांगितलेला आकडा मी पहिल्यांदा ऐकला.

तुमच्या दादांनी विचारलं, म्हणजे आमचं होईल का? बाई म्हणाल्या, ‘बहुतेक नाही. करू या का?’

दोहोंतलं एक भ्रूण बर्फातून बाहेर काढताना टिकलं नाही. तुम्हाला हे सांगताना मला आनंद होत नाही. दुसरं सोडलं. त्याला आता दोन आठवडे होत आले. उद्या सकाळी रक्त द्यायचं आहे.

हे पत्र मी मुद्दाम आज लिहिते आहे. उद्या हो आलं, तर तुम्ही म्हणाल, नशीब. नाही आलं, तर म्हणाल, मी सांगत नव्हतो? एका बाईच्या एका तपासणीवरून कोण बरोबर होतं ते ठरवायची तुमच्या मंडळींना सवय आहे. भिंत भरून फोटो लावता, ते त्याचसाठी. म्हणून निकालाच्या आधी सांगते: तुम्ही चुकलात. उद्या काहीही येवो, चुकलात. मला बाजूला ठेवण्याचा अधिकार तुम्हाला नव्हता, आणि दहातल्या नऊ वेळा हरणारी गोष्ट करून बघण्याचा मला होता.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट टाळली. मुद्दा तो नाही, असं म्हणून पुढे गेले. सभेत अडचणीचा प्रश्न आला की मी हेच करते, तुम्हाला माझी ही लकब माहीत आहे. तुमच्या केंद्रात आमच्याकडून किती कागद भरून घेतले. वजन, पाळी, आजोळचे आजार, सगळं. पण हे कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. तुमच्या दादांनाही नाही, ते न सांगता समजले. मला मूल हवं आहे. त्याला कारण नाही, सिद्धांत नाही. अडतीस वर्षांची होईपर्यंत नको होतं, मग एक दिवस हवंसं वाटलं आणि ते गेलं नाही. कुठल्याही व्यासपीठावर हे मी बोलले नाही, कारण कोणीतरी लगेच म्हणालं असतं, बघा, शेवटी हिलाही. तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही शीतकपाटात काय ठेवलं होतंत, ते तुम्हाला कळायला हवं.

पोटात काही जाणवत नाही. बाई म्हणतात, जाणवत नसतंच. तरी मी दर तासाला विचारते आहे, स्वतःलाच.

पत्र आजच टपालात टाकते. उद्या टाकलं, तर ते दुसरंच पत्र होईल.

वहिनी