बबडी यंदाच शाळेत

२ मार्च
निर्णय झाला. बबडी यंदाच बालवर्गात जाणार. जूनमध्ये ती पाचची होईल. तिच्या थेरपिस्टबाई म्हणतात, ऑटिझम असलेल्या मुलांना कधीकधी एक वर्ष जास्त दिलेलं बरं. बायको त्यांच्याच बाजूची. मी पंधरा वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. अडकलेलं वर कसं आणायचं ते मला कुणी शिकवू नये. अजून तीन महिने आहेत. म्हणजे भरपूर.

३ मार्च, सकाळी ६
वेळापत्रक भिंतीवर लावलं. नाव सांगणे: एक आठवडा. रांगेत उभं राहणे: दोन दिवस. शू सांगणे: चालता चालता होईल.
संध्याकाळी: बबडीने वेळापत्रकाची चिकटपट्टी सोडवली आणि तासभर बोटाला लावत-काढत बसली. सलग एक तास. एकाग्रता उत्तम.

११ मार्च
नाव विचारलं की माझाच प्रश्न मला परत करते. "तुझं नाव काय?" उच्चार मात्र स्वच्छ. रांगेचं पुढच्या आठवड्यावर ढकललं.

१९ मार्च
फॉर्म भरून दिला. मूल वाक्यात बोलते का? हो. (प्रश्न हेही वाक्यच.) विशेष मदत लागते का? नाही. बायकोला दाखवायचं राहून गेलं. ती कामात होती.

२ एप्रिल
तिघं शाळा बघायला गेलो. सगळं छान चाललं होतं. मग घंटा झाली. बबडी कान दाबून टेबलाखाली शिरली आणि किंचाळत राहिली. ओढायला गेलो तर मनगटाला चावली. मी वर्गशिक्षिकेला सांगितलं, सकाळी नीट खाल्लं नाही तिने. त्यांनी फॉर्म काढला. म्हणाल्या, मदत लागत नाही असं लिहिलंय तुम्ही. मी म्हटलं, फारशी नाही. बायकोने फॉर्म मागून घेतला आणि सावकाश वाचला.
घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आपण नसताना हे झालं असतं तर तिला काय होतंय ते कुणाला कळलं असतं?"
मी लवकर झोपायला गेलो. दमलो होतो.

६ एप्रिल
सराव दुप्पट केला. आज कामावरून आलो तशी बबडी बाथरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेरून नाव विचारत राहिलो. अर्ध्या तासाने थांबलो. पूर्वी माझा पायरव ऐकून ती दारापर्यंत यायची. ते कधी बंद झालं, लक्षात नाही.

७ एप्रिल
वेळापत्रक काढलं. भिंतीचा रंगही निघाला.

१० एप्रिल
पुढच्या वर्षी घालायचं ठरलं. तोवर आठवड्यातून एकदा, वर्ग रिकामा असताना, तिला अर्धा तास आणा, असं शिक्षिका म्हणाल्या. तिच्यासाठी मदतनीसही शोधणार आहेत. नवा फॉर्म मीच मागून घेतला. खरं लिहायचं ठरवलं.
मूल घाबरल्यावर कशाने शांत होते? चार ओळी जागा होती. बराच वेळ पेन धरून बसलो. आत बायको बबडीला आंघोळ घालत होती आणि बबडी हसत होती. कशाला, ते कळेना.
लिहिलं: आईला विचारावे.