वजनदार गोळी

१७ नोव्हेंबर, यवतमाळ

इतिहासात नोंद व्हावी: दवाखान्याच्या कँटीनवाल्यानं आज माझं वय बघून, न विचारता, बिनसाखरेचा चहा दिला. निषेध!

तेवढ्यात भाऊच्या रक्ताचा रिपोर्ट आला. शिसं. इतके महिने पोट धरून कळवळत होता, ते त्यामुळे. गुडघ्यांसाठी तो बाजारातल्या वैदूकडून काळी गोळी घेतो. डॉक्टर म्हणाले, तिच्यात अफू असणार, आणि अफूचं वजन वाढवायला शिसं कालवतात.

भाऊ मलाच म्हणतो, "पन गोळी तं चांगली वजनदार होती वं! हलकी असती तं घेतलीच नसती."

वजनदार! ओल्या कापसातलं पाणी मुठीत ओळखणारा हा माणूस, व्यापाऱ्याच्या काट्याशी भांडणारा. आणि गोळीचं वजन म्हणजे तिचा गुण?

वहिनी कानाशी लागली. "ताई, कोनाले सांगू नका. अफीमची म्हनतील यायले."

म्हणजे गुडघे दुखणाऱ्यानं लाजायचं आणि शिसं विकणाऱ्यानं बाजारात ऐटीत पथारी मांडायची? मी तक्रार देणार, माझ्या नावानिशी. घराला लाजायचं तर खुशाल लाजो. वजनदार म्हणे!

भाऊला मारेगावहून इथं आणलं ते बंजारा तांड्यावरच्या प्रेमसिंगनं, स्वतःच्या गाडीवर. त्याची म्हातारी आईही तीच गोळी खाते. त्याचे उपकार फेडायचे राहिले होते. वहिनीदेखत बाहेर गेले, त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, आईला उद्याच डॉक्टरांकडे आण.

त्यानं लगेच फोन लावला. त्याच्या गोरबोलीतला 'याडी', म्हणजे आई, एवढाच शब्द मला कळला. पुरला.